‘दाखवतोच’मधला च

निगडी प्राधिकरण,
शनिवार, १० जानेवारी २०२६

श्री. ज्योतीराम मोटे यांस,
सप्रेम नमस्कार.

पत्र कुणाचं म्हणून आधी खालची सही बघितली असेल, तर कृपा करून लगेच फाडू नका. मी पद्मजा आगाशे, वकील. २००४ साली चाकणच्या त्रिदल प्रेसिंग्जमध्ये तुमच्यावर खात्याची चौकशी बसली, तेव्हा कंपनीच्या बाजूला फायलींचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसलेली बाई ती मीच. एकवीस वर्षं झाली. तुम्ही मला विसरला असाल तर बरंच, पण विसरला नसाल असं वाटतं.

घरी सगळी मंडळी बरी असतील. राजगुरुनगरला आमच्यापेक्षा थंडी जास्त असावी, कारण विजयश्री सोमवारी तिकडून येते ती नाक ओढतच. तुमचं ग्रिल-वेल्डिंगचं दुकान छान चाललंय असं तिच्याकडून कळतं. म्हणजे ती आपणहून सांगत नाही, मी विचारते. माझ्या घरचे म्हणतात की मला वकिलीची सनद नसती मिळाली, तरी मी लोकांच्या चौकश्या केल्याच असत्या, फुकट.

तर विजयश्री. जुलैत ती माझ्याकडे ज्युनिअर म्हणून आली. बायोडेटावर नाव होतं विजयश्री ज्योतीराम मोटे, मूळ गाव परंडा तालुका. चहा येईपर्यंत मी ते नाव तीनदा वाचलं. मग तिला विचारलं, वडील काय करतात? म्हणाली, ‘फॅब्रिकेशन. आधी प्रेस शॉपला होते, पत्र्याचे पार्ट दाबायच्या मशिनीवर, चाकणला.’ आणि माझ्याकडे अगदी सरळ बघितलं. मी म्हटलं, बरं, सोमवारपासून या. यात मोठं मन वगैरे काही नव्हतं. मला फक्त राहवेना. ही मुलगी मालकांच्या वकिलाकडेच, त्यातही माझ्याकडेच का आली, हे कळल्याशिवाय मी तिला परत कशी पाठवणार?

सहा महिने झाले, अजून कळलेलं नाही. म्हणून हे पत्र. तुम्ही पाठवलंत का तिला?

मुलगी फार चांगली आहे हो. कागद हातात घेतला की आधी तारीख बघते, मग पानं मोजते, मग वाचते. परवा एका कंपनीच्या एचआरवाल्यानं फोनवर सांगितलं की कामगारानं सुपरवायझरला ‘अर्वाच्य शिवीगाळ’ केली. हिनं विचारलं, ‘शब्द काय होते?’ तो म्हणाला, मॅडम, सांगण्यासारखे नाहीत. ही म्हणाली, ‘मग आरोपपत्रात काय लिहू, टिंब टिंब?’ मी आतून हसले. तिच्या वयाची असताना मी हे विचारलं नव्हतं.

मी वकिली सुरू केली १९९१ला, पिंपरीत. कंपन्यांना सल्ला द्यायचा, कामगारांशी वाद झाला की तो कोर्टात जाण्याआधी मिटवायचा, हे माझं काम. लोकांना वाटतं, मालकाचा वकील म्हणजे माणसं काढणारा. काढली, नाही म्हणत नाही. पण त्याहून जास्त वेळ मी भलत्याच गोष्टींत घालवला. देहूरोडला कंपनीच्या बसचा थांबा दोनशे पावलं पुढे नेला, त्यावरून चार महिने वाटाघाटी चालल्या. खरं कारण काय, तर जुन्या थांब्यापाशी चहाची टपरी होती आणि पहाटेच्या शिफ्टचे सगळे तिथं एकमेकांच्या घरची बातमी घेत. हे मला कुणी सांगितलं नाही. मी पहाटे जाऊन तिथं चहा प्यायले तेव्हा कळलं. थांबा परत मागे आला, वाद मिटला. वादाच्या तळाशी काय आहे ते हुडकण्याची मला भारी हौस. तुमच्या वेळी ती हौस कुठे गेली होती, असं तुम्ही विचाराल. विचारा.

आता मुद्द्यावर येते. ऑफिसमधल्या जुन्या फायली स्कॅन करून कॉम्प्युटरवर घ्यायचं काम विजयश्रीकडे आहे. प्रत्येक वर्षाची एक पत्र्याची पेटी. १९९१पासून सुरुवात करून ती आज २००२च्या पेटीवर आली आहे. तिच्या वेगानं तीन आठवड्यांत २००४ची पेटी उघडेल. तिच्यात तुमची फाईल आहे. त्रिदल कंपनी बंद होऊन बारा वर्षं झाली, पण माझी फाईल माझ्याकडे आहे.

तिला काय दिसेल ते तुम्हाला माहीत आहे. आरोपपत्र: प्रेस नंबर सातजवळ, हातात पाना असताना, सुपरवायझर रविराज यास एकेरीत उद्देशून ‘थांब, दाखवतोच तुला, हात जाईल एखाद्याचा’ अशी धमकी दिली. मग चौकशीचं कामकाज. चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं, असं बोललात का? तुम्ही म्हणालात, ‘असं न्हाई बोललो.’ त्यांनी विचारलं, म्हणजे काहीच बोलला नाहीत? तुम्ही म्हणालात, ‘बोललो. पन असं न्हाई.’ त्यांनी तीनदा विचारलं आणि तुम्ही तीनदा हेच सांगितलंत. अहवालात त्यांनी लिहिलं, कामगार उडवाउडवीची व परस्परविरोधी उत्तरं देतो. आरोप सिद्ध. बडतर्फ.

‘असं नाही’ म्हणजे कसं, हे तुम्हाला कुणीच विचारलं नाही. आणि तुम्ही रविराजला ‘तू’ का म्हणालात? पुढे लेबर कोर्टात का गेला नाहीत? एवढ्या वर्षांत हे तीन प्रश्न मला अधूनमधून आठवतात, मधेच एखाद्या गाण्याची ओळ आठवावी तसे.

फाईलमध्ये आणखी एक पान आहे, जे चौकशीत कधी आलं नाही. त्यावर माझ्या हातची एक दुरुस्ती आहे. भाषेची, किरकोळ. पण मुलीनं पाहिलं तर तिला उगाच त्रास होईल. एवढंच पान मी काढून ठेवू का? तुम्ही तिचे वडील, म्हणून तुम्हाला विचारते. खाली माझा नंबर देते, पण मी फोनवर बोलण्यापेक्षा लिहिणं बरं समजते. फोनवर वकील फार हुशारीनं बोलतो.

उत्तराची वाट पाहणारी,
पद्मजा आगाशे


निगडी प्राधिकरण,
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय ज्योतीरामभाऊ,
नमस्कार.

तुमच्याकडचा तिळगूळ विजयश्रीनं आणून दिला. खमंग झालाय, दाताला मात्र परीक्षा. तिनं डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, ‘बाबांनी सांगितलंय, मॅडमना आधी द्यायचा.’ मी डबा उघडेपर्यंत उभी राहिली.

तुमचा आवाज मोबाइलवर आला, पाच मिनिटांचा. मी तो सात-आठ वेळा ऐकला आणि मग कागद घेऊन उतरवून काढला, तुम्ही बोललात तसाच. इथे पुन्हा लिहिते. चुकलं असेल तर कळवा.

‘मॅडम, नमस्कार करतो, ज्योतीराम बोलतोय. म्या न्हाई पाठवली तिला. तिचं तिनंच ठरवलं. म्या तर नगंच म्हनत व्हतो, दुसरे वकील काय कमी हायत का. ती बारावीला असताना माझं आरोपपत्र तिच्या हाताला लागलं, टरंकेत व्हतं. वाचलं अन् म्हनली, बाबा, हे तुमचं बोलनं न्हाई. तुमी दाखवतोच कवा म्हनता? आपल्या घरात समदी दावतो म्हनत्यात. हे कुनीतरी दुसऱ्यानं लिवलंय. तवापासनं तिच्या डोक्यात बसलंय, कुनी लिवलं म्हनून.’

भाऊ, हे ऐकून मी खुर्चीत नीट बसले. बारावीतल्या मुलीला जे एका वाचनात दिसलं, ते चौकशी अधिकाऱ्याला, कंपनीच्या मॅनेजरला, कुणाला म्हणजे कुणालाच दिसलं नव्हतं. म्हणजे सहा महिने आम्ही दोघी एकमेकींना चहा पाजत एकमेकींची चौकशी करत होतो! मी विचारतेय, वडील काय करतात. ती विचारतेय, मॅडम, तुमच्या काळी आरोपपत्र कोण लिहायचं? मी सांगायची, अगं, सगळं मीच लिहायची, टायपिस्ट नुसता टाइप करायचा. फुशारकीनं सांगायची.

पुढे तुम्ही म्हणालात:

‘रव्याला तू म्हनलो त्याचं काय. कुरुळीत एका खोलीत तीन वर्सं ऱ्हायलोय आमी. एका ताटात जेवलोय. तो सुपरवायजर झाला म्हनून म्या त्याला तुमी म्हनलो असतो, तर त्याला वाटलं असतं आपलं भांडान झालंय. अन् कोरटाचं म्हनाल तर तिथं बी तेच इचारलं असतं, बोललो का न्हाई. बोललो तर व्हतो.’

चौतीस वर्षं मी या पट्ट्यात माणसांची भांडणं मिटवली. ‘तुम्ही’ म्हटलं असतं तर भांडण वाटलं असतं, हे माझ्या लक्षात आलं नाही. आरोपपत्रात ‘एकेरीत उद्देशून’ हे शब्द मी घातले होते, आणि ते घालताना मला छान वाटलं होतं. तुम्ही दोघं एका खोलीत राहत होता, हे मला कुणी सांगितलं नाही असं मी म्हणणार होते. पण टपरीवर जाऊन चहा पिणाऱ्या बाईनं ते कुणी सांगायची वाट कशाला पाहायला हवी होती?

आता ते पान. तुम्ही विचारलंत, त्यावर काय आहे. सांगते.

त्या दिवशी कंपनीनं मागितली म्हणून रविराजनं जी तक्रार दिली, ती त्यानं स्वतःच्या हातानं लिहिली होती, वहीच्या फाडलेल्या पानावर. त्यात असं आहे: ‘ज्योतीराम म्हणाला थांब दाखवतो तुला हात जाईल एखाद्याचा. त्याच्या हातात पाना होता.’ बस. ना स्वल्पविराम, ना काही. ती तक्रार माझ्याकडे आली. अक्षर वाईट म्हणून मी ती टाइप करायला दिली आणि देण्याआधी निळ्या पेनानं दुरुस्त केली. ‘दाखवतो’च्या पुढे एक च. दाखवतोच. टाइप केलेल्या कागदावर रविराजची सही घेतली, तोच चौकशीत दाखल झाला. आरोपपत्र त्यावरून निघालं. वहीचं पान माझ्या फायलीत राहिलं.

तुम्ही ‘असं न्हाई बोललो’ म्हणालात, ते या च-बद्दल. तुमच्या कानाला वाक्य खटकत होतं, पण त्यात जास्तीचं काय घुसलंय ते तुम्हाला सांगता येत नव्हतं. कुणाला आलं असतं? आपण बोलतो तेव्हा च मोजतो का?

च नसताना त्या वाक्याचे दोन अर्थ निघतात. माणूस धमकी देतोय, किंवा माणूस खरोखर काहीतरी दाखवायला नेतोय. च घातला की एकच उरतो. मी लिहिताना भाषा नीटनेटकी करायची, तशी ती केली. मला वाक्य जरा घट्ट हवं असतं. सवय.

शेवटी तुम्ही म्हणालात: ‘पान काडू नगा. काडलं तर तिला कळंल, ती पानं मोजती. पेटी उघडायला तिला दोन मिन्टं लागली असती मॅडम, चावी तिच्याकडंच हाय. पन ती म्हनली, नंबर आल्यावरच उघडीन. अन् एक इचारायचं ऱ्हायलं. त्या सात नंबरवर पुढं एकाचा हात गेला असं रव्यानं सांगितलं व्हतं. कुलदीप का कोन, कॉन्ट्रॅक्टवरचा. त्याचं पुढं काय झालं? तुमाला म्हाईत असंल.’

हो, कुलदीपच. गेल्या पत्रात मी सात नंबरचं नाव घेतलं आणि पुढे सरकले, ते याचसाठी. तुम्हाला काढलं ऑक्टोबरात. फेब्रुवारीत सात नंबरच्या प्रेसनं त्याची उजव्या हाताची चार बोटं नेली. पायडल एकदा दाबलं की प्रेस दोनदा खाली यायची. रविराजला पाना घेऊन तुम्ही तेच दाखवायला निघाला होता ना? हात जाईल एखाद्याचा. गेला.

मला कंपनीनं तेव्हाही बोलावलं. प्रकरण वाढू नये, आपसांत मिटावं, म्हणून. मी मिटवलं. कागद मीच तयार केले. त्याला सही येत होती, पण उजवा हात बँडेजमध्ये होता, म्हणून अंगठा घेतला. गोरखपूरकडचा होता. माझ्याकडे बघून म्हणाला, ‘मॅडमजी, बायें से लिखना सीख लूँगा.’ त्याच्यापुढे प्रेसचा नंबर लिहिलेला कागद होता आणि तो आकडा वाचून मला तुमचं वाक्य जसंच्या तसं आठवलं. च शिवाय.

त्याचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. कँटीनच्या पोह्यांत शेंगदाणे किती हेसुद्धा विचारणारी मी, त्याच्याबद्दल मात्र कुणाला काही विचारलं नाही.

पान काढत नाही. तुमचा शब्द मानते.

लाजेनं,
पद्मजा आगाशे


निगडी,
शुक्रवार, ३० जानेवारी २०२६

प्रिय ज्योतीरामभाऊ,
नमस्कार.

हे पत्र पोस्टानं येणार नाही. उद्या शनिवार, विजयश्री घरी येईल, तीच आणेल. मी लिहिते आहे आणि ती टेबलाच्या पलीकडे बसली आहे. वाचत नाहीये, काही करत नाहीये, नुसती बसली आहे. तुमच्या घरात अशी बसते का कधी? माणसाला घाम फुटतो.

आज २००४ची पेटी उघडली. सकाळी तिनं ती पुसली, झाकणावर खडूनं तारीख घातली आणि पहिल्या फायलीपासून सुरुवात केली. तुमची अकरावी होती. मी केबिनमध्ये बसून मोजत होते. एका मोठ्या कंपनीचे लोक नव्या कामगार कायद्यांबद्दल विचारायला आले होते, त्यांना मी काय सांगितलं देव जाणे. दोनदा ‘हो’ म्हणायच्या जागी ‘सात’ म्हणाले.

चारच्या सुमारास ती आत आली. हातात वहीचं पान, प्लास्टिकच्या पाकिटात. म्हणाली, ‘मॅडम, हे स्कॅनला नीट येत नाही. मधे निळ्या शाईनं काहीतरी आहे. काय आहे ते?’

मी म्हटलं, ‘च.’

‘कुणाचा?’

‘माझा.’

तिनं चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, ‘शुद्धलेखनासाठी घातला होतात?’

भाऊ, इतकी वर्षं उलटतपासण्या बघितल्या आहेत, म्हणून सांगते. ती मला सुटायला वाट देत होती. मुद्दाम की दयेनं, ते मला कळलं नाही, आणि हेही मला फार विचारावंसं वाटलं. हो म्हटलं असतं तर तिथंच संपलं असतं. तुम्हाला मागच्या पत्रात मी तेच सांगितलं होतं: भाषा नीटनेटकी करायची सवय, वाक्य घट्ट हवं असतं. ते पत्र टाकून आल्यापासून मला स्वस्थता नाही.

मी तिला म्हटलं, नाही. आणि जे सांगितलं ते तुम्हाला इथे सांगते.

तक्रार हातात आली तेव्हा मी ती मोठ्यानं वाचली. मला सवय आहे, वाक्य ऐकल्याशिवाय ते कोर्टात कसं वाजेल ते कळत नाही. ‘थांब दाखवतो तुला हात जाईल एखाद्याचा.’ वाचलं आणि मला वाटलं, अरे, हा माणूस काहीतरी दाखवतोय. माझी हौस उफाळली. मी कंपनीच्या मॅनेजरला विचारलं, त्या प्रेसमध्ये काही बिघाड आहे का? ते म्हणाले, ‘मॅडम, तो विषय आपला नाही. हा माणूस दोन महिन्यांपूर्वी मशिनींच्या सुरक्षेवर सह्या गोळा करत होता. आम्हाला तो नको आहे. तुम्ही तक्रार बघा.’

मी तक्रार बघितली. पुन्हा वाचली, च घालून. ‘दाखवतोच तुला.’ दोन्ही मी माझ्या कानांनी ऐकली. फरक मला स्वच्छ कळला. कळला म्हणूनच घातला. त्यावेळी मी चाळिशीची होते, चाकणला नव्या कंपन्या येत होत्या, आणि त्रिदलच्या मालकांचे आणखी चार कारखाने होते. ते सगळे माझे अशील व्हावेत अशी माझी इच्छा होती, आणि झाले. एवढंच कारण. याहून मोठं कारण मी शोधलं, पण सापडलं नाही.

एवढंच नाही. प्रेसबद्दल विचारणारी मी एकटीच होते. म्हणजे त्या इमारतीत तुमच्या वाक्याचा खरा अर्थ ज्या एका माणसाला कळला होता, त्यानंच तो बुजवला. आणखी एकदा विचारलं असतं, प्रेस बंद करून बघा असं लिहून दिलं असतं, तर मालकांनीही कदाचित ऐकलं असतं. सल्ला देणं हेच तर माझं काम होतं. कुलदीपची बोटं त्याच्या हाताला असती.

हे सगळं मी बोलले आणि थांबले. मला वाटलं, ती रडेल, किंवा ओरडेल, किंवा पान माझ्या अंगावर टाकून निघून जाईल. यातलं काहीही मला चाललं असतं. ती म्हणाली, ‘बाबांना सांगा.’

मी म्हटलं, सांगते, आत्ता फोन लावते.

‘फोन नको. लिहून द्या. तोंडी काही नसतं, तुम्हीच शिकवलंत. आणि त्यांचं वाक्य त्यांचं त्यांना परत लिहून द्या.’

मग खुर्ची ओढून बसली. तेव्हापासून बसलीच आहे.

तर लिहून देते.

दिनांक २१ सप्टेंबर २००४ रोजी, त्रिदल प्रेसिंग्ज, चाकण येथे, प्रेस नंबर सातजवळ, ज्योतीराम मोटे आपल्या खोलीतल्या मित्राला म्हणाले, ‘थांब, दावतो तुला. हात जाईल एखाद्याचा.’ ते प्रेसमधला बिघाड दाखवत होते. त्यांनी कुणालाही धमकी दिली नाही. चौकशीत त्यांनी दिलेलं ‘बोललो, पन असं न्हाई’ हे उत्तर खरं होतं, पूर्ण होतं आणि त्यात कोणतंही परस्परविरोधी विधान नव्हतं. ‘दाखवतोच’मधला च माझा आहे. तो मी चुकून घातला नाही.

याची एक प्रत मी ठेवते आहे. तिचं काय करायचं, कुठं द्यायची, कुणाला दाखवायची, ते तुम्ही ठरवा. वकील परिषदेकडे द्यायची असेल तर पत्ता विजयश्रीला माहीत आहे. मी आडकाठी करणार नाही. वहीचं मूळ पान तुमच्यासाठी तिच्याकडे देते आहे. अशिलाचा कागद असा देता येतो का, हा प्रश्न स्वतःला न विचारण्याची ही माझी पहिलीच वेळ. माफ करा असंही लिहीत नाही. मी फार माणसांकडून ते दोन शब्द लिहून घेतलेत आणि त्यांचा उपयोग कसा केला जातो ते मला ठाऊक आहे.

सोमवारी ती कामावर येणार आहे का, हे मला माहीत नाही. सगळ्या जगाला प्रश्न विचारत आले, हा मात्र तोंडातून निघत नाही. यावी असं फार वाटतं. एवढं मला कुणाबद्दल वाटलेलं नाही.

आता शेवटची ओळ राहिली. कामगाराकडून राजीनामा, तडजोड, कबुली काहीही लिहून घेतलं की खाली मी एक वाक्य घालायला लावायची, ‘वरील मजकूर मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहिला आहे.’ हजारभर माणसांनी माझ्यासमोर ते लिहिलं असेल, कुलदीपच्या कागदावर मीच टाइप केलं होतं. सवयीनं ते आत्ताही लिहायला घेतलं आणि ‘राजीखुशीने’पर्यंत आले, तेव्हा समोरून तुमची मुलगी म्हणाली, ‘मॅडम, खरं तेच लिहा.’ म्हणून ती ओळ खोडली आहे. खाडाखोडीपाशी सही केली आहे.

दबावाखाली, पण खरं लिहून देणारी,
पद्मजा आगाशे